हेल्पडेस्कचे आकडे जुळत का नाहीत? जिल्हा कार्यालयांसाठी डेटा वेअरहाउसची उभारणी

आयटी सेवा व्यवस्थापनाचे डेटा वेअरहाउस म्हणजे हेल्पडेस्ककडे आलेल्या प्रत्येक तक्रारीचा, मागणीचा आणि यंत्रणेत केलेल्या बदलाचा तारीखवार इतिहास एका जागी जपणारा डेटाबेस. डॅशबोर्ड हे त्याचे फक्त दर्शनी रूप. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांतून याबाबत दोन प्रश्न पुन्हापुन्हा येतात. हेल्पडेस्कच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख आयतेच मिळतात, मग वेगळा खटाटोप कशाला? आणि एकाच महिन्याचा अहवाल दोघांनी काढला की आकडे दोन का येतात? दोन्हींचे मूळ एकच आहे. हेल्पडेस्कच्या चालू टेबलात तक्रारीची आजची स्थिती असते. काल ती कोणाकडे होती, किती वेळ पेंडिंग होती, बंद करून पुन्हा कधी उघडली, हे त्याच ओळीवर खोडून लिहिले जाते किंवा आडबाजूच्या लॉगमध्ये पडून राहते. गेल्या महिन्याचा अहवाल आज काढला तर तो गेल्या महिन्याचा राहतच नाही.

पुढील विवेचनात हिंगोली जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पाच पंचायत समित्या, तीन नगरपरिषदा, दोन नगरपंचायती आणि साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती, एवढ्यांची संगणक यंत्रणा सांभाळायची म्हटले की संगणकांची देखभाल एका कंत्राटदाराकडे, इंटरनेटची दुसऱ्याकडे आणि राज्यस्तरीय प्रणाली तिसऱ्याच यंत्रणेकडे, अशी विभागणी अटळ असते. ‘समजा’ म्हणून दिलेले आकडे हिशेब कळण्यापुरते आहेत.

वेअरहाउस खरोखर हवे का?

एकच कार्यालय, एकच सॉफ्टवेअर आणि रोजच्या चार-पाच तक्रारी असतील तर नको. महिन्याच्या शेवटी एक्सेलमध्ये उतरवलेली प्रत जपून ठेवली तरी भागते. पुढीलपैकी दोन गोष्टी लागू होत असतील तर मात्र विचार करावा:

- तक्रारी एकाहून अधिक ठिकाणी नोंदल्या जातात: एक सॉफ्टवेअर, एक रजिस्टर, शिवाय व्हॉट्सअ‍ॅप गट.
- कंत्राटदाराचे देयक किंवा दंड तक्रार सुटायला लागलेल्या वेळेवर ठरतो.
- मागील वर्षाशी तुलना मागितली जाते आणि ती देता येत नाही.
- अहवाल काढायला घेतला की हेल्पडेस्कचे सॉफ्टवेअर मंद होते.

घड्याळ केव्हा सुरू, केव्हा थांबले

संपूर्ण कामातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि बहुतेक ठिकाणी तो घेतलाच जात नाही. सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी तो कागदावर लिहून संबंधितांच्या सह्या घ्याव्यात. एका तक्रारीचा प्रवास पाहिला की कारण कळते.

समजा, सेनगावच्या एका कार्यालयातील इंटरनेट शुक्रवारी सकाळी 11 वाजता बंद पडले. नेटच नाही, त्यामुळे ऑनलाइन तक्रार करता आली नाही. वीज गेली असेल म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली गेली. पुढच्या नोंदी अशा:

- शुक्रवार, दुपारी 4.15: फोनवरून तक्रार नोंदली.
- शुक्रवार, 4.40: तंत्रज्ञाकडे सोपवली.
- शुक्रवार, 5.15: राउटरचा अडॅप्टर जळालेला आढळला, पुरवठादाराकडून मागवला, तक्रार पेंडिंग.
- सोमवार, सकाळी 10.45: अडॅप्टर आला, काम सुरू.
- सोमवार, 11.45: इंटरनेट सुरू, तक्रार सुटली.

राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी आहे. आता हिशेब करावा. नोंदीपासून सुटेपर्यंत घड्याळी वेळ साडेसदुसष्ट तास. कार्यालयीन वेळ धरली तर चार तास. त्यातून पुरवठादाराची वाट पाहण्याचे दोन तास वजा केले तर हेल्पडेस्कचा वेळ दोन तास. आणि इंटरनेट प्रत्यक्ष बंद पडल्यापासून मोजले तर कार्यालयीन वेळेतलेच सव्वानऊ तास. चारही आकडे खरे आहेत. अडॅप्टर पुरवणाऱ्याचे देयक पहिल्यावरून ठरवणे अन्यायाचे होईल. दाखल्यासाठी खोळंबलेल्या नागरिकाला मात्र तिसऱ्या आकड्याशी काही देणेघेणे नाही.

म्हणून वेअरहाउसमध्ये चारही साठवावेत आणि कोणत्या अहवालात कोणता वापरायचा ते ठरवून ठेवावे. त्यासाठी किमान पुढील बाबी लागतात:

1. बिघाड झाल्याची वेळ आणि नोंद झाल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने. पहिली अंदाजे असली तरी चालेल, पण तसे नोंदवावे. दुर्गम गावातल्या ग्रामपंचायतीबाबत ही दोन वेळांतली दरीच बरेच काही सांगते.
2. सुट्ट्यांचे टेबल. सार्वजनिक सुट्ट्यांखेरीज जिल्हाधिकारी दरवर्षी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. बाहेरगावच्या कंत्राटदाराने बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नसतात. रुग्णालये आणि पोलीस ठाण्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू नाही, त्यामुळे कार्यालयाच्या प्रकारानुसार वेगळे वेळापत्रक लागते.
3. पेंडिंगची ठरलेली कारणे: वापरकर्त्याच्या उत्तराची वाट, सुटा भाग, वरिष्ठ यंत्रणेकडे प्रलंबित. ‘इतर’ हा पर्याय ठेवल्यास सहा महिन्यांत निम्म्या नोंदी तिथेच जाऊन बसतात.

तिसऱ्या बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. ई-फेरफार प्रणाली संथ चालत असल्याची तलाठ्याची तक्रार जिल्ह्यातला तंत्रज्ञ सोडवू शकत नाही. ती प्रणाली पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या यंत्रणेकडून आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून चालते. अशी तक्रार वर पाठवल्याचा क्षण स्वतंत्र नोंदला नाही तर सगळा विलंब स्थानिक हेल्पडेस्कच्या माथी बसतो.

टेबलातील एक ओळ म्हणजे काय?

दुसरा निर्णय हा. बहुतेक ठिकाणी ‘एक तक्रार, एक ओळ’ असे टेबल बनते आणि मग पुन्हा उघडलेल्या तक्रारींवर अडते. आयटी सेवेच्या अहवालांसाठी तीन टेबले करावीत.

पहिले स्थित्यंतरांचे: तक्रारीची स्थिती, गट किंवा तंत्रज्ञ बदलला की नवी ओळ. कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत, कोणाकडून कोणाकडे, किती वाजता. वरच्या सेनगावच्या उदाहरणात पाच ओळी होतील. हे टेबल एकदा नीट भरले की बाकी सर्व त्यातून काढता येते. हे नसेल तर कितीही देखणा डॅशबोर्ड पोकळ ठरतो.

दुसरे तक्रारीच्या सारांशाचे: एक तक्रार, एक ओळ, त्यात वर सांगितलेले चार कालावधी, पुन्हा उघडण्याची संख्या आणि मुदत पाळली की नाही.

तिसरे रोजच्या शिल्लकीचे: दररोज रात्री त्या क्षणी उघड्या असलेल्या प्रत्येक तक्रारीची एक ओळ. ‘मागील वर्षी याच दिवशी किती तक्रारी प्रलंबित होत्या’ या प्रश्नाचे सरळ उत्तर याच टेबलातून मिळते. स्थित्यंतरांवरून ते मागाहून काढता येते, पण ते किचकट असते.

बिघाड, सेवेची मागणी, मूळ समस्या आणि बदल हे चार प्रकार मात्र एकाच आकड्यात मिसळू नयेत. पासवर्ड बदलून देणे ही मागणी दहा मिनिटांत निपटते. सर्व्हर बंद पडणे हा बिघाड आहे. दोन्हींची एकत्र सरासरी काढली की पासवर्डच्या जोरावर सर्व्हरचा विलंब झाकला जातो. हे नकळत घडते आणि काही वेळा मुद्दामही.

ठिकाणे, नावे आणि बदलणारा इतिहास

वसमत आणि बसमत, औंढा आणि औंढा नागनाथ, शिवाय इंग्रजीतल्या दोन-तीन तऱ्हा: एकाच तालुक्याची तक्रार डॅशबोर्डवर चार ठिकाणी विभागली जाण्याचे हे नेहमीचे कारण. गावाचे किंवा कार्यालयाचे नाव कधीही ओळख म्हणून वापरू नये. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, ग्रामपंचायतीला आणि गावाला संकेतांक आहे, तो घ्यावा. जनगणनेचे संकेतांक वेगळे असतात. 2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याचा संकेतांक 512 होता. दोन्ही याद्यांची सरमिसळ करू नये.

नावे आणि रचना बदलतात याचीही तरतूद हवी. सप्टेंबर 2023 मध्ये औरंगाबाद महसूल विभागाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि हिंगोली त्याच विभागात येते. ठिकाणांच्या टेबलात जुनी ओळ खोडून नवे नाव लिहिण्याऐवजी जुन्या ओळीला ‘या तारखेपर्यंत’ आणि नव्या ओळीला ‘या तारखेपासून’ असे रकाने द्यावेत. तंत्रज्ञाची बदली, कार्यालयाचे स्थलांतर, कंत्राटदार बदलणे यांनाही हीच रीत लावावी. नाहीतर कळमनुरीहून वसमतला बदलून गेलेल्या तंत्रज्ञाची जुनी सगळी कामे एका रात्रीत वसमतच्या खात्यावर जातात.

डेटा आणताना कुठे फसते

रोज रात्री एकदा डेटा आणणे पुरेसे आहे. ‘लाइव्ह’ डॅशबोर्डचा आग्रह बहुधा बैठकीतून येतो. क्षणाक्षणाची स्थिती पाहायची तर हेल्पडेस्कचा स्वतःचा पडदा आहेच. आणलेला डेटा आधी जसाच्या तसा एका कच्च्या थरात ठेवावा, दुरुस्त्या पुढच्या थरात कराव्यात. नियम बदलला तर मागचा हिशेब पुन्हा करता येतो.

नेहमी अडचणीत आणणाऱ्या गोष्टी अशा:

- वेळेचा पट्टा. अनेक सॉफ्टवेअर जागतिक प्रमाणवेळ साठवतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. रूपांतर विसरले तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवशी जातात, आणि 1 तारखेच्या त्या वेळेतल्या नोंदी आदल्या महिन्यात.
- पुसलेल्या नोंदी. ‘शेवटचा बदल कधी’ या रकान्यावरून नव्या नोंदी आणल्या तर मुळात पुसलेली तक्रार वेअरहाउसमध्ये तशीच राहते. आठवड्यातून एकदा सर्व क्रमांक पडताळावेत.
- वीज गेल्याने अर्धवट राहिलेली फेरी. प्रत्येक फेरीत मागील दोन दिवसांचा डेटा पुन्हा आणावा आणि तोच डेटा दोनदा आला तरी ओळ दुप्पट होणार नाही अशी रचना ठेवावी.
- मराठी मजकूर. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. त्यात शोध लागत नाही. जुन्या डेटाबेसची अक्षरसंच मांडणी चुकीची असेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. एक मराठी तक्रार आरपार नेऊन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.
- फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप. तिथली तक्रार सॉफ्टवेअरमध्ये चढवल्याशिवाय मोजू नये, पण ती कोणत्या मार्गाने आली याचा रकाना ठेवावा.

डेटा बरोबर आला का, हे तपासण्याची पद्धत मोंढ्यातल्या हळदीच्या खरेदीदाराला शिकवावी लागत नाही: आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक, बरोबर अखेरची शिल्लक. तक्रारींच्या बाबतीत आवकेत नव्यांबरोबर पुन्हा उघडलेल्याही धराव्यात. समजा, सकाळी 84 तक्रारी उघड्या होत्या, दिवसभरात 31 नव्या आल्या, 3 पुन्हा उघडल्या, 36 बंद झाल्या. रात्री 82 दिसायला हव्यात. 81 दिसल्या तर डॅशबोर्डवर त्या दिवसाचा आकडा लाल चिन्हासह दाखवावा. चूक सापडेपर्यंत आकडा दडवून ठेवण्याची सवय लागली की वेअरहाउसवरचा विश्वास उडतो.

कोणती साधने?

जिल्ह्याच्या कामाला फार मोठे काही लागत नाही. समजा, रोज 50 तक्रारी आणि प्रत्येकीची 8 स्थित्यंतरे धरली तर दिवसाला 400 ओळी होतात; कामाचे 250 दिवस धरून वर्षाला एक लाख. पोस्टग्रेस्‌क्यूएलसारखा मुक्त स्रोत डेटाबेस साध्या सर्व्हरवर हा भार सहज पेलतो. ‘बिग डेटा’च्या नावाने येणारा महागडा प्रस्ताव बाजूला ठेवायला एवढा गुणाकार पुरे. हेल्पडेस्कसाठी जीएलपीआय, झमाद, ओएसटिकेट हे मुक्त स्रोत पर्याय आहेत. मॅनेजइंजिन सर्व्हिसडेस्क प्लस, सर्व्हिसनाऊ ही विकतची. डॅशबोर्डसाठी मेटाबेस किंवा अपाची सुपरसेट चालते. पॉवर बीआयचा परवाना आधीच असेल तर तेही.

निवडताना एकच गोष्ट काटेकोर पाहावी: सॉफ्टवेअरमधून स्थितीबदलांचा संपूर्ण इतिहास बाहेर काढता येतो का? जीएलपीआयमध्ये तक्रारीची स्थिती 1 ते 6 अशा अंकांनी साठवली जाते (4 म्हणजे पेंडिंग, 5 म्हणजे सुटली, 6 म्हणजे बंद) आणि बदलांचा इतिहास वेगळ्या लॉग टेबलात असतो. फक्त तक्रारींचे टेबल उचलले तर इतिहास मागेच राहतो. विकतच्या क्लाउड सेवेत हा इतिहास मिळण्यासाठी जादा परवाना लागतो का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे.

डॅशबोर्डवर काय असावे, काय नसावे

एका पडद्यावर पाच-सहा आकडे पुरेत. प्रलंबित तक्रारी वयानुसार, मुदत पाळल्याचे प्रमाण, पुन्हा उघडलेल्या तक्रारींचे प्रमाण, तालुकानिहाय नोंदी, वारंवार बिघडणारी उपकरणे, वर पाठवलेल्या तक्रारी.

सरासरी एकटी दाखवू नये. समजा, नऊ तक्रारी प्रत्येकी दोन तासांत सुटल्या आणि एक 92 तासांनी. सरासरी 11 तास येते, जी दहापैकी एकाही तक्रारीचे वर्णन करत नाही. मध्यक दोन तास येतो, पण तो 92 तास खोळंबलेल्या कार्यालयाला गिळून टाकतो. म्हणून मध्यक आणि सर्वांत लांबलेल्या तक्रारींची यादी शेजारी शेजारी ठेवावी.

मुदत पाळल्याचे प्रमाण काढताना छेदात काय आहे ते पाहावे. फक्त सुटलेल्या तक्रारी छेदात घेतल्या तर तीन महिने रखडलेली तक्रार हिशेबातच येत नाही, आणि मुदत टळलेली तक्रार न सोडवणे फायद्याचे ठरते! मुदत संपलेल्या उघड्या तक्रारीही ‘मुदत चुकली’ म्हणून मोजाव्यात.

कमी तक्रारी म्हणजे चांगली सेवा, असा अर्थ काढू नये. औंढा नागनाथ तालुक्यातून नोंदी अचानक कमी झाल्या तर यंत्रणा सुधारली असेल किंवा लोकांनी तक्रार करणे सोडले असेल. बिघाड आणि नोंद यांतील अंतर वाढले आहे का, हे त्याच वेळी पाहावे.

कायदे, मुदती आणि हक्क

हेल्पडेस्कचा इतिहास काही प्रसंगी कार्यालयाची बाजू मांडणारा पुरावा ठरतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. पुरेशा व वाजवी कारणाशिवाय कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मुदतीच्या काळात प्रणाली बंद असेल तर तिची वेळेसह नोंद वाजवी कारण मांडताना उपयोगी पडते. ‘सर्व्हर डाऊन होता’ एवढे तोंडी म्हणणे पुरत नाही. त्याच नोंदीवरून सेवा रखडलेल्या नागरिकालाही अपिलात प्रश्न विचारता येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली असे अहवाल मागितले जाऊ शकतात आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. महिन्याचे एकत्रित आकडे आपणहून प्रसिद्ध केलेले सोयीचे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. त्यातील तीन बाबी इथे महत्त्वाच्या: सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे, यंत्रणांचे लॉग 180 दिवस ठेवणे आणि सर्व यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे. शेवटची बाब अहवालांसाठीही निर्णायक आहे. दोन सर्व्हरची घड्याळे दहा मिनिटांनी मागेपुढे असली की तक्रार नोंदण्याआधीच सुटलेली दिसते. सुरक्षेच्या तक्रारींना वेगळा प्रकार द्यावा, म्हणजे सहा तासांचे घड्याळ स्वतंत्र चालते.

तक्रारीत वापरकर्त्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि काही वेळा पासवर्डसुद्धा लिहिलेला असतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वेअरहाउसच्या अहवाल थरात कार्यालय आणि पदनाम न्यावे. व्यक्तीचे नाव व क्रमांक कच्च्या थरातच, मोजक्या लोकांच्या आवाक्यात ठेवावेत. तंत्रज्ञनिहाय आकडे जाहीर पडद्यावर लावू नयेत. सर्वांत अवघड कामे ज्याच्याकडे जातात त्याचाच वेळ जास्त दिसतो, आणि कामगिरीचा निर्णय या आकड्यांवरून होणार असेल तर मोजणीचे नियम त्या व्यक्तीला आधी माहीत असायला हवेत.

कंत्राटात काय लिहून घ्यावे

वार्षिक देखभाल करारात सहसा यंत्रांची यादी आणि रक्कम असते. डेटाचा उल्लेख नसतो. पुढील कलमे घालावीत:

1. हेल्पडेस्कमधील सर्व नोंदी, इतिहास आणि जोडपत्रांची मालकी कार्यालयाची.
2. वेअरहाउससाठी डेटाबेसची केवळ वाचनाची परवानगी, जादा शुल्काविना.
3. टेबलांची रचना बदलण्याआधी किमान 15 दिवसांची लेखी सूचना.
4. मोजणीचे नियम, म्हणजे घड्याळ, सुट्ट्या आणि पेंडिंगची कारणे, परिशिष्ट म्हणून जोडलेले.
5. करार संपताना संपूर्ण डेटा वाचता येईल अशा स्वरूपात, रकान्यांच्या अर्थासह परत. अखेरच्या देयकाची काही रक्कम त्यावर अवलंबून ठेवावी.

काम सुरू करताना एका तालुक्याचा आणि एकाच प्रकारचा, उदाहरणार्थ इंटरनेट बंद पडल्याच्या तक्रारींचा, तीन महिन्यांचा इतिहास आधी भरावा. त्यातील वीस-पंचवीस तक्रारी रजिस्टरशी हाताने ताडून पाहाव्यात आणि जुळल्यावरच उरलेले तालुके जोडावेत. पहिल्या वर्षी जुने रजिस्टर बंद करू नये. वेअरहाउसचा आकडा कोणी अमान्य केला तर पडताळणीला तेच लागते.